पाव नसलेला पोदेर

आमचे भाटकार उभ्यानं जेवत. देवघराशेजारी छातीइतक्या उंचीवर एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर ताट, ताटात भात नि माशांचं हुमण, आणि गव्हाणीत तोंड घातलेल्या घोड्यासारखे भाटकार. लग्नाकार्यात पाटावरच्या पंगती जाऊन बुफे आला तेव्हा डिचोली तालुक्यातल्या समस्त म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. भाटकार तेवढे बोटं चाटत म्हणाले, "शेवटी जग माझ्या वाटेर आयलां!"

भाटकार म्हणजे आमच्याकडे जमीनदार. ह्यांची जमीन म्हणजे साखळीतलं एक घर आणि दारातले तीन माड. त्यातला एक जन्मापासून शेजाऱ्याच्या अंगणात वाकलेला, तेव्हा हिशेबाला अडीचच. पण मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो त्या दिवशी सबंध आळीनं त्यांना भाटकार करून टाकलं. मी पेडण्याकडच्या हळर्णचा, नोकरी साखळीच्या शाळेत. कूळ म्हणजे मी एकटाच भाडेकरू असलो म्हणून काय झालं, भाटकार तो भाटकार. त्यांची बायको आपोआप भाटकारीण झाली. तिला ते शोभलंही, कारण त्या अडीच माडांच्या राज्यात सत्ता तिचीच होती.

उभ्यानं जेवण्याचं कारण पाठ. भाटकारांची सगळी नोकरी सुर्ल्याच्या खाणीवर, खनिज वाहणाऱ्या टिपरमधून गेली. वर भरलं की खाली नदीच्या धक्क्यावर, धक्क्यावर ओतलं की पुन्हा वर. ड्रायव्हरच्या शेजारी बसून सुपरवायझरगिरी. निवृत्त होईपर्यंत पाठीची अवस्था अशी झाली की, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "डॉक्टरान एक्स-रे काढलो, उजेडाक धरलो नि माका विचारल्यान, हो खंयच्या रस्त्याचो?"

पण ह्या छळातून त्यांना एक विद्या मिळाली होती. "तकलेक कळना तें बुडाक कळता," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. डोक्याला जे कळत नाही ते बुडाला कळतं! पणजीच्या बसमध्ये ते मुद्दाम मागच्या चाकावरची सीट धरत, डोळे मिटत आणि प्रत्येक धक्क्याला मान हलवून दाद देत. तालुक्यातल्या खड्ड्यांना आणि गतिरोधकांना त्यांनी नावं ठेवलेली होती, तीही सगळी सासुरवाडीची. "ही थोरली मेव्हणी. सांगून येयना, नि येता ती घर हालोवन वता." एक होता मामेसासरा. तो गतिरोधक इतका उंच की अलीकडे चढताना एक ग्रामपंचायत आणि पलीकडे उतरताना दुसरी. मध्यावर बस थांबवून दोन्हीकडचे लोक पाण्याच्या नळावरून भांडत.

नावं ऐकून भाटकारीण म्हणायची, "माझ्या माणसांची नांवां खड्ड्यांक कित्याक? तुमची माणसां नात?"

"माझी माणसां सपाट," भाटकार म्हणायचे.

अशा माणसाच्या दारात एके दिवशी भलंमोठं खोकं आलं. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं जावयाला द्यावं ही रीत. पण ह्यांचा जावई पुण्याचा, सायकलवेडा. भाटकारणीनं पाठवलेले अनारसे खाऊन तो इतका विरघळला की त्यानंच सासऱ्याला भेट पाठवली, फुल सस्पेन्शन ट्रेल बाइक. म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर चालवायची सायकल. पुढच्या चाकाला दोन जाड नळ्यांचा फोर्क, दाबला की आत जाणारा. मागचं चाक सांगाड्याला बिजागरीनं जोडलेलं आणि मधे हवा भरलेला शॉक. टायर असे की मगरीची पाठ कापून चिकटवली असावी. हँडल इतकं रुंद की फाटकातून आत आणताना एक माड थोडा सरकवावा लागला.

भाटकारीण सायकलभोवती एक फेरी मारून आली. "कॅरिअर खंय?"

"ना."

"स्टँड?"

"ना."

"मडगार्ड? घंटी?"

"ह्या सायकलींक तां नसता गो."

"मगे जावयान पार्सलांतल्यान अर्धी सायकल धाडली," ती म्हणाली. "अर्धी पुण्याक रवली."

"तशी न्हय. जितकां काढून टाकशात तितकी ती म्हारग!"

मग भाटकारांनी धोतराचा सोगा खोचला आणि ते सायकलीवर बसले. सायकल त्यांच्या वजनानं अंगठाभर खाली गेली आणि थांबली. भाटकारांचे डोळे विस्फारले. "पळयलें? मान दिल्यान! उभ्या जल्मात गाडीन माका पयलींच मान दिलो." अंगणातून ते निघाले. फाटकाचा उंबरा, गटारावरची फरशी, शेजाऱ्यानं कुंपणासाठी रचलेले चिरे, कशालाही त्यांनी वळसा घातला नाही. पुढचं चाक वर जाई, फोर्क ते गिळून टाकी; मागचं चाक वर जाई, शॉक ते गिळून टाकी; आणि वर भाटकार पाळण्यातल्या बाळासारखे. थोरल्या मेव्हणीवरून जाऊन आले. मामेसासऱ्यावरून जाऊन आले. परत आले.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

सीटवर बसूनच ते म्हणाले, "बूड गप्प आसा."

मीही एक फेरी मारली. ह्या सायकलीचा स्वभाव सांगतो. पुढचा ब्रेक दाबला की ती वाकून नमस्कार करते. मागचे गियर दात काढून हसतात. सगळ्यात मोठ्या दात्यावर घातलं की पाय ताक घुसळल्यासारखे गरगर फिरतात आणि चढ कितीही उभा असला तरी सायकल वर जाते. जाते, पण सावकाश. चढावर एक कोंबडी मला मागे टाकून गेली, वर जाऊन तिनं अंडं घातलं आणि ओरडत परत आली, तरी मी अर्ध्यावरच. हँडलवरची एक कळ दाबली की सीट पोटात घेतल्यासारखी खाली बसते, उतारावर आपल्याला मागे सरकायला जागा मिळावी म्हणून. मला ते माहीत नव्हतं. मी कळ दाबली ती आमच्या हेडमास्तरांना नमस्कार करताना, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अर्धा झालो.

एकच उणीव होती, आवाजाची. भाटकारीण म्हणाली, घंटी नाही तर निदान एक भोंपू लावा, लोकांना कळू दे की मरण येतंय. भाटकारांनी शोधून भोंपू आणला, पोदेराचा. पोदेर म्हणजे आमचा पाववाला. मागे पाटलीत, म्हणजे टोपलीत, उंडे, पोळयो असे पाव आणि हँडलला रबरी फुग्याचा भोंपू लावून तो सकाळ-संध्याकाळ सायकलवरून हिंडतो. पोंक-पोंक झालं की घराघरातून पिशव्या बाहेर येतात. एका पोदेरानं सायकल सोडून स्कूटर घेतली होती, त्याचा हा जुना भोंपू. मीच तो सुतळीनं घट्ट बांधून दिला. त्या वेळी आमच्यापैकी एकालाही काही सुचलं नाही. गोवेकर माणूस पोदेराच्या भोंपूवर विचार करत नाही, तो पिशवी शोधतो.

आता गाडी नवी म्हटल्यावर गाऱ्हाणं आलंच. भाटकारांची मूळ वाडी सुर्ल्याच्या डोंगराखाली, तिथं वडाखाली वाडीचा राखणदार देव आहे. नवी गाडी कुठलीही असो, आधी त्याच्यासमोर उभी करायची, त्याला सगळं सांगायचं, जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालण्याचा आणि नारळ फोडण्याचा मान वाडीतल्या घाड्याचा, म्हणजे देवाशी बोलणाऱ्या माणसाचा. पण त्या दिवशी घाड्याचा घसा बसला होता. तो हातवारे करत होता आणि देवाला काही कळत असेलसं वाटेना. तेव्हा भाटकार पुढे झाले.

"बा देवा राखणदारा, बारा वाटांच्या धन्या! आज तुझ्या लेकराच्या घरात नवी गाडी आयली. तिका वाटेक लाव. आडवो येता तेका कुशीक कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

इथं थांबायचं होतं. पण भाटकारांच्या जिभेला डिस्क ब्रेक नव्हते. इतकी माणसं होय म्हणताहेत हे पाहून त्यांना चेव आला. "वयर, जुन्या खाणीच्या माथ्यार हो तुझो लेक चडतलो! थंयसून गाडी सोडतलो! नि हांगा तुझ्या पायाकडे हो नारळ फुटासर माझो पाय भुंयेक लागचो ना! लागलो तर... लागलो तर..."

पुढचं त्यांना सुचेना. भाटकारीण पदर खोचून पुढे आली. पाठ ह्यांची, पण तिच्यावर गरम विटा ठेवून शेकायचं काम आयुष्यभर तिनं केलेलं. "लागलो तर ही गाडी कायमची मांगरात बांदतलंय! नि हे जल्मभर माझ्याबरोबर बसगाडीन येतले! म्हणा गो बायांनो, होय महाराजा!"

बायकांनी जो "होय महाराजा" केला त्यानं वडावरचे कावळे पेडण्यापर्यंत गेले.

भाटकारांचा चेहरा उतरला. माणसाला दिलेला शब्द विसरता येतो, निवडणुकीत तर विसरावाच लागतो. राखणदाराला दिलेला शब्द मात्र झाला तो झाला. पाय टेकला की सायकल मांगरातल्या अडगळीत गेली आणि मेव्हणी, मामेसासरा हे सगळं गोत पुन्हा बुडाखाली आलं. नारळ राखणदाराच्या पायरीवर ठेवला गेला. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये सायकल आणि भाटकार चढले. मला भाटकारणीनं साक्षीदार नेमलं. "तू स्कूटर घेवन तेंच्या मागसून ये. तोंड पळयू नको. पाय पळय."

माझी स्थिती बघा. खोली भाटकारांची, पण जेवण भाटकारणीचं.

खाणीच्या माथ्यावर वारा सुटला होता. समोर तोच जुना टिपरचा रस्ता, ज्यानं भाटकारांच्या पाठीची खडी केली होती. आता तिथं टिपर नव्हते. पावसानं चर पाडलेले, मुळं वर आलेली, तांबडी माती घसरणारी. भाटकारांनी कळ दाबून सीट खाली घेतली, कोपरं खेकड्यासारखी बाहेर काढली आणि रस्त्याकडे बघून म्हणाले, "आयलंय रे, थेरड्या."

आणि सुटले.

मी पुष्कळ भरधाव गोष्टी पाहिल्या आहेत. शाळा सुटताना मुलं पाहिली आहेत, पंगतीत श्रीखंडाकडे जाणारे भटजी पाहिले आहेत. पण असा वेग नाही. सायकल चरांतून, दगडांवरून अशी चालली होती जणू रस्ता इस्त्री केलेला आहे. खालची चाकं वेड्यासारखी वरखाली, वरचे भाटकार जागच्या जागी. माझ्या स्कूटरचे मात्र एकेक अवयव रजा घेत होते. एक आरसा अजून तिथंच पडून डोंगराला त्याचं तोंड दाखवत असेल. भाटकार प्रत्येक ओळखीच्या खड्ड्याला मोठ्यानं हाक मारत होते. "नमस्कार, आतेसासू! बऱ्या आसात मगे?" आणि खड्डा ऐकून घेण्याआधी ते पुढे.

एका ठिकाणी मोरी खचली होती. रस्ताच नाही. मी ब्रेक दाबले. भाटकारांनी दाबले नाहीत. ते हवेत होते तेवढ्यात मला एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. मुलगा गणितात का नापास ते मी त्यांना सविस्तर समजावलं, त्यांना पटलं, मी फोन खिशात ठेवला, तेव्हा कुठे भाटकार पलीकडे उतरले. फोर्क पार तळाला गेला, शॉकनं एक सुस्कारा सोडला आणि सायकल चालू लागली. मी पाय पाहिले. दोन्ही पॅडलवर. शपथेवर सांगतो.

मी मोरीला बाजूनं वळसा घालून त्यांना गाठलं, आणि व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी उडवून आम्ही वाडीच्या पाणंदीत शिरलो. आता फक्त घरांमधली अरुंद वाट, मग वड, मग नारळ. भाटकार जिंकल्यात जमा होते. समोर दोघीतिघी बायका वाटेत बोलत उभ्या दिसल्या, म्हणून भाटकारांनी वाट मोकळी करायला भोंपू दाबला.

पोंक-पोंक!

चहाची वेळ. त्यात वाडीचा खरा पोदेर दोन दिवस फिरकला नव्हता, त्याची भट्टी दुरुस्तीला होती. बायका बाजूला झाल्या नाहीत. त्या वाटेच्या मधोमध आल्या.

भाटकारांनी आणखी जोरात दाबला. पोंक-पोंक-पोंक! दोन्हीकडची दारं धडाधड उघडली. पिशव्या आल्या, टोपल्या आल्या, एक जण तर कळशीच घेऊन आला. जितका भोंपू वाजे तितकी वाट भरे. आणि आमचे भाटकार, ज्यांनी "आडवो येता तेका कुशीक कर" असं साकडं घातलं होतं, ते स्वतःच्याच हातानं अख्खी वाडी आडवी बोलावत होते.

"कुशीक जायात! कुशीक!"

"माका धा उंडे!"

"माका पोळयो! मऊ दी हां, काल-परवाच्यो नाका!"

सायकल कासवाच्या गतीवर आली. हँडल डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. भाटकारांचा उजवा पाय पॅडलवरून सुटू लागला. मी डोळे मिटणार, इतक्यात एका म्हातारीनं पुढे येऊन हँडल गच्च धरलं. असं धरलं की सायकल खुंटीला बांधल्यासारखी उभी राहिली, आणि भाटकार दोन्ही पाय वर घेऊन तिच्यावर ऐटीत.

"चार उंडे दी."

"गो मावशे, माझ्याकडे पाव नात."

"मगे वाजयता कित्याक?"

"तू सोडू नको," भाटकार धापा टाकत म्हणाले. "वायच अशीच धर. श्वास घेतंय."

"उंडे?"

"फाल्यां सकाळी घरा हाडून दितंय. राखणदाराची आण."

"आज एक शब्द दिलो तो पुरो जावंक ना, तेच्यार आनी एक!" म्हातारी म्हणाली, पण तिनं हँडल सोडताना मागून असा धक्का दिला की भाटकार वाट फोडून थेट वडापर्यंत गेले.

वडाखाली राखणदार होता. पायरीवर नारळ होता. हाताची घडी घालून भाटकारीण होती. घाडी नव्हता.

"घाडी खंय?" भाटकार ओरडले.

कुणीतरी पाणंदीकडे बोट दाखवलं. भोंपू ऐकून घाडीही पिशवी घेऊन पावाला गेला होता.

नारळ फुटेपर्यंत पाय लावायचा नाही, आणि नारळ फोडायचा मान दुसऱ्या कुणाला नाही. भाटकारांनी वडाला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी झाली. घाड्याला बोलवायला त्यांनी भोंपू वाजवला, त्यानं आणखी माणसं पिशव्या घेऊन वडाखाली आली. घाडी त्या गर्दीच्या मागे अडकला आणि बसलेल्या घशानं "वाट दियात, वाट दियात" म्हणू लागला. ते त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. एवढी माणसं जमली होती, पण नारळाला हात लावायची एकाची हिंमत नव्हती. आणखी एखाद-दुसरा फेरा, की पाय खाली येणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

भाटकारणीला फक्त उभं राहायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. मला पाय बघायला सांगून ती स्वतः तोंड बघत होती. तांबड्या मातीनं माखलेलं, अगदी नोकरीतून घरी यायचं तसं. तेव्हा ते तोंड फाटकातून आत येऊन मुकाट बाल्कांवात, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, पालथं पडायचं. आज ते हसत होतं. दम संपला होता, पाय संपले होते, आणि भाटकार लहान पोरासारखे खिदळत वडाभोवती फिरत होते.

"गेली गाडी मांगरात!" कुणीतरी टाळी वाजवली.

भाटकारीण दोन पावलं पुढे झाली, तिनं नारळ उचलला आणि पायरीवर असा हाणला की पाणी माझ्या चष्म्यापर्यंत आलं.

मग एक म्हातारा म्हणाला, "गो, बायलांनी नारळ फोडूक नाका!"

"दादले पाव हाडूक गेले," ती म्हणाली. "देवान किती वेळ रवाचां?"

मागून घाड्यानं पिशवी वर करून बसक्या घशानं काहीतरी घोगरं काढलं. लोकांनी ते "होय महाराजा" असल्याचं ठरवलं आणि गजर केला.

भाटकारांनी पाय टेकला. सायकल वडाला लावली आणि ते पायरीवर बसले. हो, बसले! भाटकारणीनं खोबऱ्याची शकलं पानावर घालून त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्या माणसानं ती मांडी घालून खाल्ली. पान रिकामं झालं तसं तिनं आणखी एक शकल वाढलं आणि म्हणाली, "इतक्या वेळ वाजयलात. घरा पाव तरी हाडल्यात?"

म्हातारीला उंडे मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच, पाठीवरच्या पिशवीतून, गरम. मग वाडीतल्या बाकीच्यांनीही सांगून ठेवलं, आणि खऱ्या पोदेराची भट्टी सुरू झाली तरी भाटकारांची सकाळची फेरी थांबली नाही. साखळीत मात्र मी असेपर्यंत ती फळी देवघराशेजारी तशीच होती. भाटकारीण आता तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायची.

पुढे माझी बदली हळर्णच्या बाजूला झाली आणि मी घरी राहायला आलो. परवाच्या रविवारी सकाळी अंगणाबाहेर वाजलं, पोंक-पोंक. मी पिशवी घेतली, चपला न घालताच धावलो, फाटक उघडलं. बाहेर आमच्या दगडी गडग्यावर एक हात टेकून, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून, नखशिखांत तांबडे झालेले भाटकार. मधे अख्खा डिचोली तालुका आणि अर्धं पेडणं पडलेलं.

माझ्या हातातल्या पिशवीकडे त्यांनी समाधानानं पाहिलं. "पाव नात," ते म्हणाले. "च्या आसा?"

"भाटकारीणबाईंना सांगून आलात?"

"सांगल्याबगर कसो येयन? पाव हाडूक वतंय म्हण सांगलां." त्यांनी डोळा घातला. "खंयसून हाडतलंय, तां तिणां विचारूक ना."

आणि मोठ्या खुशीत त्यांनी भोंपू दाबला. आमच्या आळीतली दारं उघडायला लागली.